घराण्यातला कर्करोग आणि जनुकाची तपासणी : मालवणच्या कुटुंबाला खर्च किती?

"आवशीक कॅन्सर झालो, मावशेक झालो, आता माका पण होतलो काय?" मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हा प्रश्न घराघरांत दबक्या आवाजात विचारला जातो. डॉक्टरांसमोर मात्र तो बहुतेक वेळा तोंडातून निघत नाही, कारण उत्तराची भीती असते आणि उत्तर काढायला किती पैसे लागतील याची त्याहून जास्त. काही मोजक्या कर्करोगांच्या बाबतीत आज या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या एका नमुन्यातून मिळू शकते. त्या तपासणीला किती खर्च येतो, तो कोणत्या क्रमाने करावा आणि कोणी तो अजिबात करू नये, एवढ्यापुरते हे मार्गदर्शन आहे.

पहिली गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. घरात कर्करोग झालेली व्यक्ती हयात असेल, तर जनुकाची तपासणी आधी तिचीच करायची. निरोगी मुलीची, भाचीची किंवा भावाची नंतर. हा क्रम उलटला की पैसे दुप्पट जातात आणि हातात आलेल्या रिपोर्टचा अर्थही धड लागत नाही. असे का, ते समजण्यासाठी जनुकाचे काम थोडक्यात पाहावे लागेल.

आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज इजा होत असते. काही इजा उन्हाने होते, काही तंबाखूने, बरीचशी पेशीच्या स्वतःच्या कामकाजातून. ती दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. ही यंत्रणा कशी चालते हे उलगडणाऱ्या टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे ही यातली सर्वांत धोक्याची इजा. ती न चुकता सांधण्याच्या कामात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके लागतात. डॉक्टर बोलताना त्यांना 'ब्राका' म्हणतात. बीआरसीए-१ चा ठावठिकाणा मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावर दाखवला, १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले आणि पुढच्याच वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरीवर काम चालते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी होते, मग त्या पेशीत तुटलेला डीएनए चुकीचा जोडला जातो, चुका साठत जातात आणि कर्करोग सुरू होतो. म्हणजे वारशात कर्करोग येत नाही, येते ती दुरुस्तीतली उणीव. हा बिघाड असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असेही नाही. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास आणि अंडाशयाच्या कर्करोगाची ४० टक्क्यांच्या आसपास असते. बीआरसीए-२ मध्ये स्तनाचा धोका जवळपास तेवढाच, पण अंडाशयाचा सुमारे १७ टक्के.

पुरुषही यात येतात

आपल्याकडे हा बायकांचा, त्यातही माहेरचा आजार समजला जातो. हा समज महागात पडतो. बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितक्याच सहज येते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. वडिलांची आई किंवा आते स्तनाच्या कर्करोगाने गेली असेल, तर ती नोंद आईकडच्या मावशीइतकीच महत्त्वाची आहे. बीआरसीए-२ च्या बिघाडाने पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होऊ शकतो, तोही आक्रमक स्वरूपाचा. स्वादुपिंडाचा होऊ शकतो. पुरुषांना क्वचित होणारा स्तनाचा कर्करोगही याच जनुकाशी बऱ्याचदा जोडलेला असतो. त्यामुळे घराण्याची माहिती गोळा करताना "आजोबा पोटाच्या कसल्याशा आजाराने गेले" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या अवयवाचा आजार होता, तेव्हा वय किती होते, जुने कागद कोणाकडे आहेत, हे खोदून विचारा.

दुरुस्तीची दुसरीही एक यंत्रणा आहे. डीएनएची नक्कल होताना एखादे अक्षर चुकले तर ते दुरुस्त करणारी. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही तिची जनुके. त्यांच्यातल्या जन्मजात बिघाडाला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि त्यात मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मुख्य. घरात आतड्याचे आणि गर्भपिशवीचे कर्करोग पन्नाशीच्या आत दिसत असतील तर ब्राकाच्या मागे न लागता या चौघांकडे वळायचे. इथे सुरुवातही स्वस्तात होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर या चार प्रथिनांची रंगतपासणी करतात, तिला आयएचसी म्हणतात. खासगीत ती साधारण ४ ते ८ हजारांत होते. चारही प्रथिने जागेवर असतील तर पुढचा मोठा खर्च बहुधा टळतो.

कोणी करावी, कोणी करू नये

सिंधुदुर्गात मिश्री, तंबाखू, गुटख्याने होणारे तोंडाचे कर्करोग खूप दिसतात. त्यांच्यासाठी ही तपासणी नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यालाही ती लागू नाही. "सगळ्याच कॅन्सरची जनुके तपासून घ्या" असे सांगणारे पाकीट कोणी पुढे केले, तर नकार द्या. तेच पैसे मिश्री सोडवण्यात आणि मुलींच्या एचपीव्ही लशीत घातले तर कितीतरी पटीने उपयोगाचे आहेत. स्तनाच्या कर्करोगातही जेमतेम ५ ते १० टक्केच वारशाने आलेले असतात.

तपासणीला खरा अर्थ आहे तो अशा ठिकाणी. अंडाशयाचा कर्करोग, मग वय कितीही असो. या रुग्णांत साधारण सहा-सातांमागे एकीत ब्राकाचा बिघाड सापडतो. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग. बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'ट्रिपल निगेटिव्ह' लिहिलेला स्तनाचा कर्करोग. पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग. स्वादुपिंडाचा, किंवा हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा. आणि एकाच बाजूच्या दोन-तीन जवळच्या नात्यांत यांपैकी आजार असणे.

या यादीत तुमचे घर बसत असेल, तर चतुर्थीसारखी वेळ नाही. गणपतीला मुंबईचे चाकरमानी घरी असतात, लग्न होऊन देवगडला, वेंगुर्ल्याला, बेळगावला गेलेल्या बहिणी येऊन जातात. एका कागदावर तीन पिढ्या मांडा. नाव, नाते, कोणता कर्करोग, कोणत्या वयात. अर्ध्या तासाचे, फुकटचे काम आहे. हा कागद नसला की समुपदेशनातला निम्मा वेळ तो बनवण्यातच जातो.

तपासणीचे पैसे

आता रकमा. त्या प्रयोगशाळेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून इथले आकडे ढोबळ धरा आणि नमुना देण्याआधी भाव लेखी मागून घ्या.

बीआरसीए-१ आणि २ या दोन्ही जनुकांचे पूर्ण वाचन खासगी प्रयोगशाळेत साधारण १२ ते २५ हजार रुपयांत होते. ब्राकासह ॲटम, पाल्ब-२, लिंचची चौकडी अशी अनेक जनुके एकत्र वाचणारे पॅनेल १५ ते ३५ हजार. पॅनेल मोठे म्हणजे चांगलेच असे समजू नका. जितकी जास्त जनुके, तितक्या 'अर्थ अनिश्चित' नोंदी जास्त. घराण्यात स्तन आणि अंडाशय एवढेच कर्करोग असतील तर छोटे पॅनेल पुरते. विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: जनुकाचे मोठे तुकडे गळालेले वा दुणावलेले असतील तर ते या किमतीत तपासले जातात का? ही एमएलपीए नावाची तपासणी काही ठिकाणी वेगळी लावतात आणि तिचे आणखी काही हजार होतात.

दर एवढे उतरले ते आपोआप नव्हे. अमेरिकेत मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे या जनुकांचे पेटंट होते आणि तपासणी ३ हजार डॉलरच्या पुढे होती. २०१३ च्या मे महिन्यात अँजेलिना जोलीने आपल्या बीआरसीए-१ विषयी जाहीर लेख लिहिला, तेव्हा या किमतीमुळे अनेक स्त्रिया तपासणीपासून दूर राहतात हेही तिने लिहिले होते. महिन्याभरात, १३ जूनला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात असलेल्या डीएनएचे पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर इतर प्रयोगशाळा उतरल्या आणि भाव पडले.

आता क्रमाचा हिशेब पाहा. समजा, आचऱ्याच्या एका घरात ४८ वर्षांच्या आईला अंडाशयाचा कर्करोग आहे. दोन मुली आणि एक भाऊ निरोगी. घाबरून या तिघांचे पॅनेल आधी केले आणि प्रत्येकी १८ हजार धरले, तर ५४ हजार झाले. तिघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी सुटकेचा श्वास टाकता येत नाही. आईच्या अंगात बिघाड होता आणि तो यांच्याकडे आला नाही, की आईचा आजार मुळात दुसऱ्याच कारणाने होता, हे कळायला मार्ग नाही. याउलट आईचीच तपासणी आधी केली, १८ हजार. बिघाड सापडला, तर जनुकातली नेमकी जागा कळते. मग नातेवाइकांची तेवढीच एक जागा तपासायची, ती माणशी साधारण ३ ते ७ हजारांत होते. तिघांचे ५ हजारांनी १५ हजार. एकूण ३३ हजार, आणि प्रत्येकाला स्वच्छ हो किंवा नाही. आईत काहीच सापडले नाही तर खर्च १८ हजारांवरच थांबला. काही प्रयोगशाळा ठरावीक मुदतीत जवळच्या नात्यातल्यांची ही एका जागेची तपासणी फुकट किंवा सवलतीत करतात. नमुना देण्याआधी हे विचारलेत तर तो १५ हजारांचा आकडाही खाली येतो.

लहान मुलांची तपासणी करू नका. ब्राकाच्या बाबतीत बालपणी करण्यासारखे काही नसते. ती १८ नंतर, ज्याची त्याने ठरवून.

ऑनलाइन मिळणारी लाळेची डबी हा वेगळा सापळा आहे. 'वेलनेस' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक किटमध्ये पूर्ण जनुक वाचत नाहीत, ठरावीक मोजक्या जागा पाहतात, आणि त्या जागा बऱ्याचदा युरोपातल्या ज्यू लोकांत आढळणाऱ्या असतात. त्यातली १८५डेलएजी नावाची एक जागा भारतीय रुग्णांतही वारंवार सापडते हे खरे, पण आपल्याकडचे बिघाड जनुकभर विखुरलेले आहेत. अशा किटचा 'निगेटिव्ह' म्हणजे काहीच सांगितलेले नाही.

नमुना मालवणातूनच

यासाठी मुंबईची वारी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. लागते ते जांभळ्या झाकणाच्या नळीतले काही मिलिलिटर रक्त. उपाशीपोटी जायची गरज नाही. मोठ्या प्रयोगशाळांची नमुना केंद्रे कुडाळ, कणकवली, सावंतवाडीसारख्या गावांत असतात आणि नमुना कुरियरने जातो. रिपोर्टला तीन-चार आठवडे धरा. सणाच्या सुट्टीला लागून नमुना देऊ नका, तो वाटेत पडून राहतो. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची आहे का आणि रिपोर्टवर वैद्यकीय जनुकतज्ज्ञाची सही असते का, हे आधी पाहा.

तपासणीआधीचे आणि नंतरचे समुपदेशन मात्र टाळू नका. एका बैठकीचे साधारण १ ते ३ हजार होतात आणि व्हिडिओवरही होते. टाटा मेमोरियलचे कर्करोग जनुकशास्त्राचे क्लिनिक हे या कामातले देशातले जुने ठिकाण आहे. परळचे रुग्णालय आणि खारघरचे ॲक्ट्रेक ही त्याच संस्थेची केंद्रे. रुग्ण आधीच टाटात असेल तर बाहेर पैसे भरण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना जनुक क्लिनिककडे चिठ्ठी मागा. सर्वसाधारण वर्गातल्या रुग्णाला तिथले दर खासगीपेक्षा पुष्कळ कमी पडतात, रांग मोठी असते एवढेच.

रिपोर्टवर चारपैकी एक शब्द येतो. 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणजे बिघाड खरा. 'निगेटिव्ह' म्हणजे वाचलेल्या जागांत काही नाही. चौथा 'व्हीयूएस', अर्थ न ठरलेला बदल. भारतीयांच्या जनुकांचा साठा अजून छोटा असल्याने आपल्याकडे तो तुलनेने जास्त वेळा येतो. व्हीयूएसच्या आधारावर शस्त्रक्रिया करू नये, नातेवाइकांच्या तपासणीवर पैसेही घालू नयेत. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा, पुष्कळ नोंदी पुढे निरुपद्रवी ठरतात.

खरा खर्च पुढे आहे

माझे स्पष्ट मत असे की पुढच्या खर्चाचा विचार न करता केलेली तपासणी निव्वळ काळजी विकत आणते. रुग्णाच्या आणि निरोगी वारसाच्या, अशा दोन वाटा वेगळ्या पाहू.

रुग्णाला बिघाड सापडला तर औषध बदलू शकते. ब्राका नसलेल्या पेशीची दुसरी एक दुरुस्तीची वाटही बंद केली की ती पेशी मरते, हे तत्त्व वापरून त्या दुसऱ्या वाटेवरचे पार्प हे प्रथिन रोखणारी औषधे आली. त्यातल्या ओलापारिबला अमेरिकेत २०१४ मध्ये अंडाशयाच्या, २०१८ मध्ये स्तनाच्या, २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या आणि २०२० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. चार अवयव वेगळे, बिघाड एकच, म्हणून गोळीही एकच. अंडाशयाच्या नव्याने निदान झालेल्या ब्राका-रुग्णांत केमोनंतर दोन वर्षांपर्यंत ती दिली, तेव्हा सात वर्षांनंतर ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या. गोळी न मिळालेल्यांत ४६.५ टक्के. हा फरक मोठा आहे. पण मूळ ब्रँडचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जाऊ शकतो आणि गोळी दोन वर्षे घ्यायची असते. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: दुसऱ्या कंपनीचे ओलापारिब चालेल का, कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना आहे का, अमृत औषधालयात किंवा टाटाच्या औषधालयात भाव काय.

आणि गोळी परवडली नाही म्हणून तपासणी वाया गेली असेही नाही. कार्बोप्लाटिन, सिस्प्लाटिन ही जुनी, स्वस्त केमोची औषधे डीएनएला इजा करूनच काम करतात, त्यामुळे दुरुस्ती बिघडलेल्या गाठींवर ती विशेष चालतात. टाटा मेमोरियलमध्येच डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या ७२० रुग्णांवर चाचणी केली. शस्त्रक्रियेआधीच्या केमोत कार्बोप्लाटिन जोडल्याने पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत जगण्याचे प्रमाण वाढले, हे त्यांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये मांडले. मालवणच्या सामान्य घराला पेलेल असा हा उपचार आहे. त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

गाठीत डीएनएची दुरुस्ती बिघडली आहे का हे पाहणारी 'एचआरडी' तपासणी पुष्कळदा सुचवली जाते आणि तिचा आकडा ५० हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. रक्तात ब्राकाचा बिघाड आधीच सापडला असेल, तर ती बहुतेक वेळा लागत नाही. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

निरोगी स्त्रीत बिघाड सापडला तर वर्षाचा खर्च सुरू होतो. पंचविशीनंतर दरवर्षी स्तनांचे एमआरआय, साधारण ६ ते १२ हजार. तिशीनंतर त्याला मॅमोग्राफीची जोड, दीड ते तीन हजार. प्रवास धरून वर्षाला १५ हजार बाजूला ठेवावे लागतील. अंडाशयासाठी मात्र भरवशाची नियमित तपासणी नाही. दर सहा महिन्यांनी सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करत राहिल्याने मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही. म्हणून मुले झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया खासगीत साधारण ६० हजार ते दीड लाखात होते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कितीतरी कमी. या एका शस्त्रक्रियेइतका उपयोग देणारा दुसरा खर्च या यादीत नाही. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया हा मोठा, व्यक्तिगत निर्णय; कोणीही घाई करू नये आणि कोणी घाई करायला लावू नये. पुरुष वारसाला चाळिशीपासून वर्षाला एकदा पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, पाचशे ते हजार रुपये.

ज्यांना यातले काहीच परवडणार नाही त्यांनी प्रशिक्षित हातांकडून होणारी स्तनतपासणी तरी सोडू नये. टाटाने मुंबईत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. जवळच्या सरकारी दवाखान्यात अशी तपासणी कधी होते, ते विचारून ठेवा.

योजना, विमा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरची कुटुंबेही त्यात आली आहेत. ही योजना रुग्णाच्या ठरलेल्या उपचार-पॅकेजची आहे. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात बसतात. निरोगी बहिणीची जनुकतपासणी बसेल असे धरून चालू नका. काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा, नंतर परतावा मिळत नाही. उपचारांसाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधीचा अर्जही करता येतो.

बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांना मुंबईपेक्षा जवळचे. पण २०१८ च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, म्हणून फुकट होईल या हिशेबाने निघू नका. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बायॉप्सी, सोनोग्राफी, रक्ताच्या साध्या तपासण्या तिथे करून मगच पुढची वाट धरा.

आरोग्य विमा नसेल तर तो निरोगी माणसाने तपासणीच्या आधी घेतलेला बरा. अमेरिकेत जनुकाच्या आधारावर आरोग्य विम्यात भेदभाव करायला २००८ पासून कायद्याने बंदी आहे, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय आजार सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरवली, हा आधार आहे. तरीही अर्जात विचारलेली माहिती लपवू नका, पुढे दावा फेटाळायला तेवढेच कारण पुरते. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा दावा कंपन्या 'आजारच नाही' म्हणून बऱ्याचदा नाकारतात. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचे तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावे लागते. कुडाळ किंवा कणकवलीहून दादरला स्लीपरचे चारशेच्या आसपास आणि थर्ड एसीचे हजाराच्या आसपास पडतात, दर फेरीला वाचणारी ही रक्कम थोडी नाही. ही सवलत रुग्णाची आहे, तपासणीला निघालेल्या निरोगी नातेवाइकाची नाही. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट तर आहेच. मुंबईत नातेवाईक नसतील तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना अल्प दरात ठेवून घेतात; जागा मर्यादित असते, निघण्याआधी फोन करा.

आणखी एक गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत पण उशीर परवडत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, रिपोर्टच्या सगळ्या प्रती एका फायलीत ठेवा. आजारी माणूस गेल्यावर जुन्या ब्लॉकमधून जनुक वाचणे अवघड, महाग आणि कित्येकदा अशक्य होते. म्हणून घरातली आई, आते किंवा मावशी आज उपचार घेत असेल, तर पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा: "यांची ब्राका तपासणी करायची का?" फुले योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे निःशुल्क क्रमांक आहेत. फोन करताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा.